चेहऱ्याची अमानत

मागील रमजानच्या अखेरच्या दिवसांत माझा भाचा सुट्टीवर घरी आला होता. तो पुण्यात व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करतो. एके दिवशी असरच्या नमाजनंतर त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, "मामू, हा फोटो वापरला तर चालेल का?"

पडद्यावर एका वृद्धाचे छायाचित्र होते. रुग्णालयाच्या खाटेवर बसलेला, व्याधीने अर्धा चेहरा झडलेला, आणि उरलेल्या एका डोळ्याने सरळ छायाचित्रकाराकडे पाहणारा. भाच्याच्या नव्या खेळात एक शापित गाव आहे. त्या गावात रात्री भटकणाऱ्या आणि खेळणाऱ्यावर धावून येणाऱ्या भेसूर माणसांपैकी एकाला हा चेहरा द्यावा, असे त्याच्या मनात होते. छायाचित्र त्याला इंटरनेटवर मिळाले होते.

"हा माणूस कोण आहे?" मी विचारले.

"माहीत नाही."

"आणि आपला चेहरा तू घेतलास हे त्याला माहीत आहे का?"

तो हसला. "त्याला कसं माहीत असणार, मामू?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. फतवा देण्याचा मला अधिकार नाही, आणि हा विषयही माझ्या सरावाचा नव्हता. परंतु त्या एका डोळ्याची नजर मनातून जाईना. पुढील काही आठवडे जे वाचले आणि जे उलेमांकडून समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहे. आपल्या घरांतील मुले हे खेळ खेळतात, आणि आता काही मुले ते तयारही करतात. म्हणून हा प्रश्न परक्यांचा राहिलेला नाही.

प्रारंभीच एक गोष्ट बाजूला ठेवू. सजीवांचे चित्र काढणे आणि छायाचित्र घेणे यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्र म्हणजे आरशातील प्रतिबिंब पकडून ठेवणे होय, असे मानून त्यास अनुमती दिली. आपल्या उपखंडातील मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या विद्वानांनी ती दिली नाही. हा वाद जुना आहे आणि या लेखात मिटणारा नाही. परंतु जे छायाचित्रास जायज मानतात, त्यांचाही प्रश्न तेथे संपत नाही, किंबहुना तेथून सुरू होतो. छायाचित्र घेणे जायज असेल, तर घेतलेल्या छायाचित्राचे काय करणे जायज आहे?

छायाचित्र खेळात कसे जाते

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळातील माणूस, भिंत, झाड ही प्रथम संगणकावर पोकळ त्रिमितीय आकृती म्हणून घडवली जातात. त्या आकृतीवर जे कातडे चढवतात त्याला ‘टेक्स्चर’ म्हणतात. भिंतीसाठी खऱ्या विटांचे छायाचित्र, लोखंडासाठी खऱ्या गंजाचे छायाचित्र, आणि चेहऱ्यासाठी खऱ्या त्वचेचे छायाचित्र घेऊन ते आकृतीवर गुंडाळले जाते. आता तर एकाच वस्तूची चहूबाजूंनी शेकडो छायाचित्रे घेऊन त्यांवरून आकृतीही आपोआप तयार करतात. काही वेळा छायाचित्र जसेच्या तसे न वापरता समोर ठेवून त्यावरून चित्र काढतात. हाताने काढलेल्या सुरकुतीपेक्षा खरी सुरकुती अधिक खरी दिसते, एवढेच यामागचे साधे कारण. यात वाईट असे काही नाही. दगड, माती, ढग, पाणी यांची छायाचित्रे वापरण्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो फक्त छायाचित्रकाराच्या हक्काचा, आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

अडचण येते ती समोर माणूस असतो तेव्हा.

सिडकपच्या रुग्णालयातील एक चेहरा

पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी छिन्नभिन्न होत. अशा जखमींसाठी इंग्लंडमधील सिडकप या गावी १९१७ मध्ये क्वीन्स हॉस्पिटल सुरू झाले. हॅरॉल्ड गिलीज हे तेथील प्रमुख शल्यचिकित्सक. पुढील काही वर्षांत तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. चेहऱ्याच्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया या रुग्णालयात घातला गेला, असे मानतात.

त्या काळाविषयी वाचताना दोन गोष्टींनी मला थांबवले. रुग्णांना आपला चेहरा दिसू नये म्हणून तेथे आरसे ठेवले जात नसत. आणि गावातील रस्त्यालगतचे काही बाक निळ्या रंगाने रंगवलेले होते. त्या बाकावर बसलेला माणूस पाहताना दचकायला होईल, याची लोकांना पूर्वसूचना मिळावी म्हणून. या जखमींची रंगीत खडूने चित्रे काढणारे हेन्री टाँक्स हे स्वतः शल्यचिकित्सक आणि नामांकित चित्रकार होते. आपली ही चित्रे सर्वसामान्य लोकांनी पाहावीत अशी नाहीत, असे त्यांचे मत होते.

रुग्णांची छायाचित्रेही घेतली जात. शस्त्रक्रियेपूर्वी एक, नंतर दुसरे, मग तिसरे. वैद्यकीय नोंदीसाठी आणि पुढच्या डॉक्टरांना शिकता यावे यासाठी. या रुग्णांमध्ये एक तरुण वैमानिक होता. १९१६ मध्ये त्याचे विमान कोसळून त्याचा चेहरा जळाला. त्याच्या छातीवरील त्वचा घेऊन संपूर्ण चेहरा झाकण्याचा प्रयत्न गिलीज यांनी केला. ती त्वचा धरली नाही, आणि मार्च १९१८ मध्ये तो मरण पावला. त्याचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत छापलेले आहे. मी मात्र येथे लिहीत नाही, कारण हा लेख ज्या गोष्टीविषयी आहे तिच्याशी ते विसंगत होईल.

सुमारे नव्वद वर्षांनी पॅडी हार्टले या ब्रिटिश कलावंताने त्या रुग्णालयाच्या दप्तराचा अभ्यास केला. ‘प्रोजेक्ट फसाड’ या उपक्रमात त्यांनी जुन्या लष्करी गणवेशांवर या सैनिकांच्या जीवनकथा भरतकामाने उतरवल्या. त्यांना केवळ जखमा म्हणून नव्हे तर माणसे म्हणून पाहावे, हा त्यामागचा हेतू होता. त्या निमित्ताने काही छायाचित्रे इंटरनेटवर आली.

तेथून ती एका व्हिडिओ गेमच्या चित्रकारांपर्यंत पोहोचली. २००७ मध्ये ‘बायोशॉक’ नावाचा खेळ बाजारात आला. समुद्राखाली वसवलेले एक शहर, आणि त्यात औषधांच्या व्यसनाने शरीर व बुद्धी बिघडलेले हिंसक रहिवासी, जे खेळणाऱ्यावर हल्ला करतात आणि ज्यांना मारत पुढे जायचे असते. या रहिवाशांपैकी एकाचा चेहरा त्या मृत वैमानिकाच्या छायाचित्रावरून घेतला होता. लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक महाविद्यालयातील इतिहासकार सुझाना बिअरनॉफ यांनी याविषयी २०११ मध्ये लेख प्रसिद्ध केला, तेव्हा ही बाब अभ्यासकांपुढे आली. खेळात या आकृतीला जे नाव आहे ते आहे ‘टोस्टी’. भाजलेल्या पावाला इंग्रजीत जे म्हणतात, त्यावरून.

येथे क्षणभर थांबावे. एक तरुण आगीत जळाला. दीड वर्षाहून अधिक काळ त्याने वेदना सोसल्या. बरे होण्याच्या आशेने त्याने आपला विद्रूप चेहरा डॉक्टरांच्या कॅमेऱ्यापुढे धरला. आणि नव्वद वर्षांनी जगभरातील घरांतून त्याच चेहऱ्यावर, त्याला ‘भाजलेला’ असे नाव देऊन, गोळ्या झाडल्या गेल्या.

खेळ तयार करणाऱ्यांनी हे द्वेषाने केले असे मी म्हणत नाही. तसे मला वाटतही नाही. माझ्या भाच्याच्या मनात तरी कोठे द्वेष होता? त्यांना एक भयानक चेहरा हवा होता आणि तो मिळाला. चेहऱ्यामागे माणूस असतो याचा विसर पडला, इतकेच. परंतु बहुतेक अन्याय असेच घडतात.

दीनची शिकवण काय सांगते

पवित्र कुरआनमध्ये सूरह बनी इस्राईलच्या ७० व्या आयतीत अल्लाहने आदमच्या संततीला प्रतिष्ठा बहाल केल्याचे सांगितले आहे. तेथे ईमानधारकांची संतती असा शब्द नाही, आदमची संतती असा आहे. ही प्रतिष्ठा माणसाने मिळवलेली नाही, ती त्याला दिलेली आहे. म्हणूनच आजाराने, जखमेने किंवा मृत्यूने ती काढून घेतली जात नाही.

मानवी शरीरात चेहऱ्याला विशेष स्थान आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चेहऱ्यावर मारण्यास मनाई केली, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. केवळ माणसाच्याच नव्हे. सहीह मुस्लिममध्ये आहे की, तोंडावर डाग दिलेले एक गाढव पैगंबर (स.) यांच्या दृष्टीस पडले आणि ज्याने हे केले त्याचा त्यांनी तीव्र शब्दांत धिक्कार केला. जनावराच्या चेहऱ्याचाही जो धर्म विचार करतो, त्याच्या अनुयायांनी माणसाच्या चेहऱ्याविषयी किती जागरूक असावे!

शरीराच्या वैगुण्यावर हसण्याविषयी ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचा प्रसंग मुस्नद अहमदमध्ये आला आहे. त्यांच्या पोटऱ्या अतिशय बारीक होत्या. ते झाडावर चढले असता वाऱ्याने वस्त्र हलले आणि पोटऱ्या पाहून काही सहाबी हसले. त्यावर पैगंबर (स.) यांनी शपथपूर्वक सांगितले की, या पोटऱ्या तराजूत उहुद पर्वताहून जड ठरतील. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत तर एकमेकांची टवाळी करण्यास मनाई केल्यानंतर लगेच वाईट टोपणनावे ठेवण्यासही मनाई आहे. ‘टोस्टी’ हे नाव वाचले तेव्हा मला प्रथम ही आयत आठवली.

कोणी म्हणेल, तो तर मरून गेला, त्याला आता काय कळणार? ह. आयशा (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आलेल्या हदीसनुसार मृताचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखे आहे. युद्धात शत्रूच्या प्रेताची विटंबना करणे, ज्याला अरबीत मुस्ला म्हणतात, तेही पैगंबर (स.) यांनी निषिद्ध ठरवले. मृताला काही कळत नाही, म्हणूनच त्याचा हक्क अधिक कडक राखला गेला. तो स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

आणि कोणी म्हणेल, तो मुस्लिम नव्हता. याचे उत्तर बुखारी व मुस्लिममधील एका प्रसंगात आहे. कादिसिया येथे सहल बिन हुनैफ आणि कैस बिन साद (रजि.) बसले असता जवळून एक जनाजा गेला आणि दोघे उभे राहिले. हा तर येथील गैरमुस्लिमाचा जनाजा आहे, असे लोकांनी सांगितले. तेव्हा त्यांनी सांगितले की, पैगंबर (स.) यांच्यासमोरून एका यहुद्याचा जनाजा गेला असता ते उभे राहिले होते, आणि लोकांनी तो यहुद्याचा असल्याचे सांगितल्यावर त्यांनी उलट विचारले होते की, तो एक जीव नव्हे काय? मला वाटते, या संपूर्ण विषयाचे मर्म त्या एका प्रश्नात आहे.

आता परवानगीची बाब पाहू. सहल बिन साद (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आहे की, एका माणसाने पैगंबर (स.) यांच्या घरात भोकातून डोकावून पाहिले. पैगंबर (स.) फार नाराज झाले आणि परवानगी घेण्याचा नियम दृष्टीसाठीच तर केला आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दाराची कडी, उंबरठा या बाह्य गोष्टी झाल्या. जपायची आहे ती माणसाची दिसण्या-न दिसण्याची मर्यादा. आपल्याला कोणी पाहावे, किती पाहावे, हे ठरवण्याचा माणसाला हक्क आहे.

याहून सूक्ष्म शिकवण अबू दाऊद आणि तिर्मिजी यांतील आणखी एका हदीसमध्ये मिळते. कोणी तुमच्याशी बोलता बोलता इकडेतिकडे वळून पाहिले, तर ते बोलणे अमानत झाले. ‘कोणाला सांगू नका’ असे त्याने तोंडाने म्हणण्याची गरज नाही. त्याच्या वळून पाहण्यातच ते आले. रुग्ण डॉक्टरांपुढे चेहरा धरतो तेव्हा ‘हा फक्त तुमच्यासाठी’ असे तो म्हणत नाही, परंतु परिस्थितीच ते बोलत असते. ज्या रुग्णालयात आरसे नव्हते, तेथील माणसाने आपला चेहरा करमणुकीसाठी दिला होता, असे कोण म्हणेल? फिक्हच्या विद्वानांनी एक नियम सांगितला आहे की, जो गप्प आहे त्याच्या नावावर कोणतेही म्हणणे चढवता येत नाही. याला अपवाद आहेत. निकाहच्या वेळी कुमारिकेचे मौन संमती मानले जाते. पण तेथेही आधी तिला विचारावे लागते. न विचारता मिळालेले मौन म्हणजे संमती नव्हे.

उद्देश बदलला की अमानत बदलते

याचा अर्थ जखमी चेहऱ्याचे चित्र कोणीच काढू नये असा होतो का? नाही. येथे मला आपल्या पुण्याचीच एक जुनी गोष्ट आठवते. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. (हे मुस्लाच होते. सुलतानांविषयी आदर असला तरी हे मान्य केलेच पाहिजे.) पुढे पुण्यात एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली. तिचा वृत्तांत कावसजीच्या चित्रासह लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला. त्या आधारे जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि ती विद्या युरोपात पसरली. गिलीज यांचे सिडकपमधील काम याच परंपरेतले.

म्हणजे एका जखमी चेहऱ्याचे चित्र शेकडो चेहरे सावरण्याच्या कामी आले. कर्माचे मोल उद्देशावरून ठरते, हे आपण बुखारीच्या पहिल्याच हदीसमध्ये शिकतो. सिडकपची छायाचित्रे वैद्यकीय ग्रंथात योग्य होती. हार्टले यांच्या उपक्रमातही ती माणसाची कथा सांगण्यासाठी होती, जरी इंटरनेटवर ठेवल्यावर ती कोठे जातील यावर त्यांचा ताबा राहिला नाही. तेच छायाचित्र खेळातील राक्षस झाले तेव्हा एक रेषाही न बदलता त्याचा अर्थ उलटा झाला. कपडे शिवायला दिलेले कापड शिंप्याने दुसऱ्याला विकावे, तसे हे. कापड त्याच्या हाती होते हे खरे, परंतु कशासाठी होते?

या बाबतीत कायद्याचा आधार तोकडा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. परंतु दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी मुलाच्या जीवनावरील चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे हक्क व्यक्तीच्या मृत्यूबरोबर संपतात असे म्हटले. न्यायालयाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. मोमिनासाठी मात्र हिशेब तेथे संपत नाही. ज्याने कोणाच्या अब्रूबाबत अन्याय केला असेल त्याने आजच माफी मिळवावी, कारण त्या दिवशी दीनार-दिरहम नसतील, अशी ताकीद बुखारीमध्ये आहे. मेलेल्या अनोळखी माणसाकडून माफी कशी मिळवणार?

आपला संताप आणि आपली कसोटी

आता थोडे आपल्याविषयी. २००९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळात ब्राझीलमधील वस्तीचा एक नकाशा होता. तेथील एका स्नानगृहाच्या भिंतीवर चित्राची चौकट टांगलेली होती, आणि चौकटीच्या नक्षीत अरबी अक्षरे होती. अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे, या अर्थाची सहीह मुस्लिममधील हदीस! ज्याने ती तेथे लावली त्याला ती अक्षरे म्हणजे वेलबुट्टीच वाटली असावी. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुस्लिम खेळाडूंनी आक्षेप घेतला, कंपनीने क्षमा मागितली आणि तो नकाशा काढून घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच मालिकेतील ‘व्हॅनगार्ड’ या खेळात पवित्र कुरआनची पाने जमिनीवर, रक्ताच्या डागांसह विखुरलेली दिसली. पुन्हा आक्षेप, पुन्हा अरबीतून माफी.

आपला आक्षेप रास्त होता. परंतु त्याच वेळी स्वतःला विचारले पाहिजे की, २००७ मध्ये सोनी कंपनीच्या ‘रेझिस्टन्स’ या खेळात मँचेस्टरच्या कॅथेड्रलच्या आत गोळीबार दाखवला, आणि परवानगी न घेता आमच्या उपासनास्थळाचा असा वापर केल्याचे तेथील धर्मगुरूंनी म्हटले, तेव्हा आपल्यापैकी कोणाला त्यांचे दुःख कळले? सूरह हज्जच्या ४० व्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची उपासनागृहे आणि मशिदी यांचा उल्लेख एकाच ओळीने, अल्लाहचे नाव घेतले जाणारी स्थाने म्हणून झाला आहे. दुसऱ्याची पवित्र वस्तू आपल्याला नक्षी वाटू लागली, तर आपणही त्या चौकटवाल्याच्याच रांगेत उभे राहतो.

छायाचित्रकाराच्या हक्काविषयी लिहीन असे वर म्हटले होते. ज्युडी जुरासेक या अमेरिकी छायाचित्रकार. भिंती, लाकूड, काच, संगमरवर यांच्या पृष्ठभागांची छायाचित्रे घेऊन त्यांनी १९९६ मध्ये ‘सर्फेसेस’ हा ग्रंथ सीडीसह प्रसिद्ध केला. व्यापारी वापरासाठी वेगळा परवाना घ्यावा लागे. जून २०२१ मध्ये त्यांनी जपानच्या कॅपकॉम कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. आपली किमान ८० छायाचित्रे परवान्याशिवाय २०० हून अधिक ठिकाणी वापरली गेली, असा त्यांचा आरोप होता. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या प्रसिद्ध खेळाच्या बोधचिन्हातील तडकलेली काचही त्यांच्याच छायाचित्रातली, असे त्यांचे म्हणणे होते. २०२० मध्ये चोरट्यांनी कंपनीच्या संगणकांतून फायली पळवल्या; त्यांतील एका फायलीचे नाव आणि सीडीवरील छायाचित्राचे नाव अक्षरशः एकच असल्याचे त्यांनी दाखवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये उभयतांत समझोता होऊन दावा मिटला, म्हणून दोषाचा निर्णय झाला असे म्हणता येणार नाही. आपल्यापुरते सांगायचे तर, एकमेकांचा माल अन्यायाने खाऊ नका ही सूरह निसाच्या २९ व्या आयतीतील आज्ञा छायाचित्रालाही लागू आहे. कुवेत येथे डिसेंबर १९८८ मध्ये भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन, शोध इत्यादींवरील हक्क शरियतनुसार संरक्षित असून त्यांचे उल्लंघन करता येत नाही, असा ठराव केला आहे. इंटरनेटवर सापडले म्हणजे मोफत झाले, हा समज आपल्या मुलांच्या मनातून काढणे हे आईवडिलांचे काम आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी चित्र उतरवून घेताना हे सांगण्यास सुरुवात करता येते.

तरीही एक विचार अस्वस्थ करतो. तडकलेल्या काचेच्या छायाचित्रासाठी न्यायालयात जाणारे कोणी तरी होते. त्या वैमानिकाच्या चेहऱ्यासाठी कोणीही गेले नाही.

काम नीट करणेही शक्य असते. फिनलंडच्या रेमेडी कंपनीने २००१ मध्ये ‘मॅक्स पेन’ हा खेळ काढला, तेव्हा नट घेण्याइतका पैसा तिच्याकडे नव्हता. मग कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, मित्र हेच कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. नायकाचा चेहरा कथालेखक सॅम लेक यांचा होता, आणि खलनायिकेचा त्यांच्या आईचा! त्या खेळातील हिंसेविषयी माझे मत वेगळे आहे, पण आईने मुलाच्या विनंतीवरून हौसेने खलनायिका होणे आणि रुग्णाने नकळत राक्षस होणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सारे मी ईदनंतर भाच्याला फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि मग एक व्यावहारिक अडचण मांडली: मुदत पंधरा दिवसांची आहे आणि चेहरा तर हवाच. मी म्हणालो, घरी ये, नानांना विचार. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या कोणत्याही चित्रकाराला पुरतील अशा आहेत.

तो शनिवारी आला. वडिलांनी सर्व ऐकून घेतले. गेम म्हणजे काय हे त्यांना दोनदा समजावावे लागले. मग त्यांनी विचारले, "हा माणूस लोकांना मारतो का?"

"मारतो, नाना."

"मग नको. दुसरं काही काम असेल तर सांग."

भाच्याने थोडा विचार केला आणि गावाच्या वेशीवर बसून वाटसरूंना रस्ता सांगणाऱ्या एका म्हाताऱ्याची भूमिका त्यांना सुचवली. ती त्यांना पसंत पडली. अंगणातल्या उजेडात त्याने चहूबाजूंनी ६० छायाचित्रे घेतली. तयार झाल्यावर आधी मला दाखवायचे, टोपी काढायची नाही आणि दाढी काळी करायची नाही, अशा तीन अटी वडिलांनी घातल्या. भाच्याने त्या वहीत लिहून घेतल्या. शापित गावातील भेसूर माणसांचे चेहरे आता तो हाताने काढत आहे. त्याला वेळ जास्त लागतो, अशी त्याची तक्रार आहे.